पाचातलं एक, दहातले सहा

शनिवार, १० फेब्रुवारी २०१८. रक्कम तेराशे सहासष्ट डॉलर, म्हणजे दोन माणसांचं व्हँकुव्हर ते ओटावा जाण्यायेण्याचं विमानभाडं. हजर: आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी, माझी बायको आणि वीकेंडला युनिव्हर्सिटीतून घरी आलेली मुलगी, लॅपटॉपच्या पडद्यावर व्हँकुव्हरजवळच्या कोक्विटलामहून माझा मोठा भाऊ आणि वहिनी.

तिकिटं दादा काढत होता, कारण दहा एप्रिलला माझं ऑपरेशन ठरलं होतं. जानेवारीत बायॉप्सीचा निकाल आला होता. प्रोस्टेटचा कॅन्सर, अगदी सुरुवातीचा. पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, ती सबंध काढून टाकायची. मी पंचावन्न वर्षांचा होतो. सर्जनने काही लपवलं नव्हतं. ऑपरेशननंतर काही महिने लघवीवर ताबा राहणार नाही, कदाचित कायमचा थोडा कमीच राहील. नवराबायकोचे संबंध पूर्वीसारखे होतील याची खात्री नाही. हे सगळं ऐकून मी मान डोलावली होती आणि तारीख मागितली होती.

"नऊ तारखेला सकाळी निघतो, संध्याकाळी ओटावात," दादा म्हणाला. "परतीचं कधीचं काढू? तीन आठवडे पुरतील?"

"दादा, कशाला एवढं? दोनचार दिवसांत मला घरी सोडतील."

"गप्प बस. तू हॉस्पिटलात आणि मी इथे बसून काय करू? पाऊस बघू?"

त्याच्या मागून वहिनींचा आवाज आला. "आता तरी सांगा त्यांना."

"काय सांगायचंय?" मी विचारलं.

"काही नाही. तू तारीख बोल."

"काही नाही कसं?" वहिनींनी त्याला बाजूला सारून पडद्यात तोंड घातलं. "भावोजी, यांनाही तेच आहे. मागच्या मे महिन्यापासून."

आमच्याकडे सगळे एकदम बोलायला लागले.

"नऊ महिने?" बायको जवळजवळ ओरडलीच. "वहिनी, दिवाळीला तासभर बोललो आपण! चकल्या तेलात विरघळल्या ते सांगितलंत आणि हे नाही?"

"मला शपथ घातली होती हो यांनी."

"तुम्हाला उगाच काळजी," दादा पुटपुटला. आमच्या घराण्याची ही जुनी रीत आहे. ताप उतरल्यावर सांगायचं ताप आला होता म्हणून. पण कॅन्सरसुद्धा या रीतीत बसवता येतो हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

"ऑपरेशन झालं तुझं?"

"नाही."

"रेडिएशन?"

"नाही रे."

"मग काय चाललंय?"

"काही नाही. दर सहा महिन्यांनी रक्त तपासतात, मधेच कधीतरी बायॉप्सी करतात. नजर ठेवून आहेत. आमच्याकडे असंच करतात."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"इथे. माझ्यासारखे आठदहा जण आहेत, महिन्यातून एकदा कम्युनिटी सेंटरमध्ये जमतो. कॉफी पितो, गप्पा मारतो."

"कॅन्सर घेऊन कॉफी पिता?" माझ्या बायकोने विचारलं.

"कॅन्सर पीत नाही, मी पितो," दादा म्हणाला. तो आता बराच मोकळा झाला होता. गुपित फुटल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर लपत नव्हता.

मी पेन्सिल घेतली. दोघांची तुलना केल्याशिवाय मला राहवणार नव्हतं. कॅन्सर किती आक्रमक आहे याला एक दर्जा देतात, तो मी आधी विचारला.

"पाचातलं एक," दादा म्हणाला. "एक ते पाच असतात. माझं एक. तुझं?"

"दहातले सहा."

त्या क्षणी चौघे मराठी लोक मनात एकच गणित करत होते. आम्हाला कोणताही आकडा द्या, त्याची टक्केवारी आधी होते, विचार मागून येतो. दादाला वीस टक्के, मला साठ. तिप्पट.

"तू पहिल्यापासून फर्स्ट क्लासवालाच," दादा म्हणाला. कोणी हसलं नाही, तोही नाही.

"बाबा, इट्स नॉट अ बोर्ड एक्झॅम," मुलगी म्हणाली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"मग तुझं काढायलाच हवं," असं म्हणून दादाने बटण दाबलं. तिकिटं निघाली.

आम्ही ओटावाच्या पश्चिमेला, गाडीने सव्वा तासावरच्या एका गावात राहतो. मी तिथल्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. यंत्राचा सुटा भाग मापात आहे की नाही ते बघायचं आणि पास किंवा रिजेक्टचा शिक्का मारायचा. आमच्या गावात प्रोस्टेटचा कॅन्सर म्हणजे ऑपरेशन, हे सगळ्यांना माहीत. कारखान्यातल्या दोघा फोरमनांचं झालेलं, समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याचं झालेलं. कोणी विचारलं की ते म्हणत, काढून टाकली, सुटलो. आणखी काही करता येतं असं मला कोणी म्हटलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आणि आता सख्खा भाऊ, त्याच आईबापांचा, ह्याच देशात, कॉफी पीत बसला होता.

रविवारी मी दादाला पुन्हा फोन केला आणि बाकीचे आकडे घेतले. प्रोस्टेट बिघडली की रक्तात वाढतो तो पीएसए त्याचा सहा पूर्णांक आठ, माझा पाच पूर्णांक दोन. बायॉप्सीत दोघांचेही बारा तुकडे काढलेले. त्याच्या तीन तुकड्यांत कॅन्सर सापडला, माझ्या दोनांत. म्हणजे या दोन्ही मापांत माझी तब्येत त्याच्यापेक्षा बरी, आणि तिसऱ्या मापात मी त्याच्या तिप्पट वाईट. कारखान्यात असं झालं तर मी भाग रिजेक्ट करत नाही. एक भाग दोन गेजांवर, म्हणजे मापयंत्रांवर, चांगला बसला आणि तिसऱ्यावर भलताच आकडा आला, तर आधी गेज तपासतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी सर्जनच्या ऑफिसला फोन करून अपॉइंटमेंट मागितली. घरी हे सांगितलं आणि बायकोचा चेहरा बदलला.

"परत कशाला? तारीख मिळाली आहे ना?"

"एक शंका विचारायची आहे फक्त."

"तुम्ही शंका विचारता विचारता तारीख घालवाल." ती भाजी चिरत होती, ती थांबली. "मला ते तुमच्या अंगात नको आहे. बास."

याचं कारण मला माहीत होतं. तिचे वडील सांगलीला शिक्षक होते. पोटात दुखायचं, तर ते म्हणायचे, बघू. परीक्षा संपू देत, मग बघू. लग्नसराई होऊ दे, मग बघू. शेवटी डॉक्टरांनी बघितलं तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. दादाच्या डॉक्टरांनी "नजर ठेवतो" म्हटलेलं तिला वडिलांच्या "बघू"सारखंच ऐकू येत होतं. मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर, तूच ऐक.

सर्जन साठीच्या आसपासचा, धिप्पाड, मोठ्या हातांचा माणूस. आमच्या भागातल्या तीन गावांतली असली सगळी ऑपरेशनं तोच करायचा. त्याच्यासमोर मी माझा कागद ठेवला: एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी.

"माझ्या भावाला पाचातलं एक आहे," मी म्हटलं. "मला दहातले सहा. मग मी त्याच्यापेक्षा तिप्पट वाईट आहे ना?"

तो कागदाकडे बघत राहिला आणि मग मोठ्याने हसला. वाईट हसणं नव्हतं ते.

"तुम्ही टक्के काढलेत!"

"हो."

"ही पट्टी कागदावर दहापर्यंत आहे, पण सहाच्या खालचा आकडा आम्ही आता देतच नाही. सहा म्हणजे तळाची पायरी. लोक सहा ऐकून घाबरतात, म्हणून नवी पट्टी काढली, एक ते पाच. जुनं सहा तेच नवं एक. तुमचा भाऊ आणि तुम्ही एकाच पायरीवर उभे आहात."

मी खुर्चीतून उठलोच. का उठलो माहीत नाही. उठून करायचं काय हेही माहीत नव्हतं, म्हणून परत बसलो. जानेवारीपासून डोक्यावर घेऊन फिरत असलेले साठ टक्के त्या मिनिटाला वीससुद्धा राहिले नव्हते, कारण ते मुळात टक्केच नव्हते. बायकोने माझा हात धरला, पण प्रश्न तिने सर्जनला विचारला.

"मग दादांना नुसतं तपासतात आणि यांना कापायचं, असं का?"

सर्जनने हसणं थांबवलं. त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला आणि सरळ उत्तर दिलं, याबद्दल मला त्याचा अजून आदर वाटतो.

"तुमचा भाऊ राहतो तिथे नजर ठेवायची व्यवस्था आहे," तो म्हणाला. "तारखा सांभाळणारी नर्स आहे, एमआरआय जवळ आहे. माझ्याकडे लोक उत्तरेकडून दोन-दोन तास गाडी चालवून येतात. शेतकरी, लाकूडतोडे. ते म्हणतात, डॉक्टर, काढून टाक, मला गवत कापायचंय, मी परत येणार नाही. काही जणांना मी नजर ठेवतो म्हणालो होतो. ते खरंच परत आले नाहीत. एक जण आला तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानंतर मी ऑपरेशनच सुचवायला लागलो. माझा हात त्यात बसलेला आहे, लोक बरे होतात. पण तुम्ही कोक्विटलामला राहत असता, तर बहुतेक तुम्हीही कॉफी पीत असता."

"म्हणजे हे पत्त्यावर आहे?" मी विचारलं.

"बरंचसं." मग त्याने माझ्याकडे रोखून बघितलं. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं ते आता विचारतो. तुम्ही प्रत्येक तपासणीला याल?"

मी उत्तर देण्याआधी माझी बायको हसायला लागली. तिची अजून ऑपरेशनलाच पसंती होती, पण हसू आवरेना. "डॉक्टर, हा माणूस घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा फिल्टर तारीख बघून बदलतो. विंटर टायर कोणत्या दिवशी काढायचे हे घरात आधी सांगून ठेवतो."

"मग टोरांटोला जा," सर्जन म्हणाला. "तिथे नजर ठेवायचं काम रोज करतात. तुमच्या बायॉप्सीचे तुकडे लावलेल्या काचा मी पाठवतो, त्यांना पुन्हा बघू दे. दहा एप्रिल मी धरून ठेवतो."

पार्किंगमध्ये गाडीत बसल्याबसल्या दादाला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो कामावर निघाला होता.

"दादा! तू आणि मी एकच!"

"काय?"

"तुझं एक म्हणजेच माझं सहा! पट्टी वेगळी आहे! माप एकच आहे!"

तो इतक्या जोरात ओरडला की वहिनी धावत आल्याचं मला ऐकू आलं. त्याने त्यांना सांगितलं, मग मी पुन्हा सांगितलं, मग त्यांनी मला विचारलं आणि मी तिसऱ्यांदा सांगितलं. गाडीच्या काचा आतून धुरकट झाल्या होत्या. बायको शेजारी बसून ऐकत होती. मग तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"वहिनी, मग कोण चुकतंय?"

"म्हणजे?"

"दोघांना एकच आजार आहे. यांना कापायला नको, असं तुम्ही म्हणताय. पण उलटही असेल ना? दादांना कापायला हवं असेल, आणि तिकडे कॉफी पाजून बसवलं असेल?"

आनंदाला दोन मिनिटंही झाली नव्हती. दादा म्हणाला, "हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं." त्याचा आवाज बदलला होता. वहिनी म्हणाल्या, "माझ्या रोज येतं."

तेव्हा टोरांटोची भेट एकट्या माझ्यासाठी राहिली नाही. माझ्या ऑपरेशनचा निकाल तिथे लागायचा होता, आणि दादाच्या कॉफीचाही. मार्चच्या मधल्या आठवड्यात एक अपॉइंटमेंट रद्द झाली आणि ती आम्हाला मिळाली. आदल्या दिवशी दुपारी निघून नॉर्थ यॉर्कला हॉटेलात उतरलो. रस्ताभर बायको आणि मी भांडलो, पण उत्साहाने भांडलो, जानेवारीपासून पहिल्यांदाच. तोवर आम्ही एकमेकांशी जपून बोलत होतो, आजारी माणसाच्या घरात बोलतात तसं.

"तुम्हाला ऑपरेशनची भीती वाटतेय, म्हणून तुम्ही कारणं शोधताय," ती म्हणाली.

"वाटतेच. तुला नाही वाटत?"

"मला त्याच्यानंतरची भीती नाही. डायपर लागले तर लागू देत. दुसरं जमलं नाही तर नाही. पंचवीस वर्षं झाली लग्नाला, मला तुम्ही जिवंत हवे आहात."

"मला पण मी जिवंत हवा आहे. पण कारण नसताना कापलेला नको आहे."

"कारण नाही हे कशावरून?"

"तेच विचारायला चाललोय ना!"

"मग सावकाश चालवा, एकशेवीसची लिमिट नाहीये इथे."

टोरांटोची डॉक्टर चाळिशीची होती, बारीक अंगाची, भराभर बोलणारी. तिने माझ्या काचा स्वतःच्या माणसांकडून पुन्हा तपासून घेतल्या होत्या. निकाल तोच: दोन तुकडे, तळाची पायरी. मी टेबलावर फोन ठेवला होता आणि तिची परवानगी घेऊन तो चालू केला होता. पलीकडे कोक्विटलामला दादा आणि वहिनी ऐकत होते. डॉक्टर फोनकडे बघून म्हणाली, "तुमच्या भावाची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही सांगणार नाही." फोनमधून दादाचा आवाज आला, "मी नुसता ऐकतोय." तिला हसू आलं.

तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं. माझ्या आजाराला आत्ता घाई नाही. असे पुष्कळ कॅन्सर वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत. ऑपरेशन केलं तर त्याचे त्रास आजपासून सुरू होतील आणि फायदा कदाचित कधीच होणार नाही.

मी म्हटलं, "पण आमच्या गावात सगळ्यांचं ऑपरेशन करतात. माणूस कुठे राहतो त्यावर इलाज ठरतो, हे बरोबर आहे का?"

"बरोबर नाही," ती म्हणाली. "पण तसं आहे. दोन वेगळ्या प्रोव्हिन्सचं, म्हणजे प्रांतांचं, सोडाच, याच प्रोव्हिन्समध्ये एका शहरातून दुसऱ्या शहरात गेलात की सल्ला बदलतो. कुठे सर्जन जास्त आहेत, कुठे रेडिएशनची मशीन जवळ आहे, कुठे नजर ठेवायला माणसं आहेत. कोणी खोटं बोलत नाही. जो तो आपल्याकडे जे नीट करता येतं ते सुचवतो."

मग माझ्या बायकोने पर्स मांडीवरून खाली ठेवली. हा प्रश्न ती महिनाभर मनात घेऊन होती.

"तुमचं चुकलं तर कळणार कसं? आणि कळेल तेव्हा वेळ गेलेली असेल का?"

डॉक्टरने घाई केली नाही. "दर सहा महिन्यांनी रक्त. पहिल्या वर्षाच्या आत एमआरआय आणि दुसरी बायॉप्सी, कारण पहिल्या बायॉप्सीत काही सुटलं असेल तर बहुधा तेव्हा सापडतं. मग ठरावीक वर्षांनी पुन्हा. आजार पुढे सरकला तर बहुतेक वेळा तो ऑपरेशन करण्यासारखा असतानाच दिसतो. तेव्हा ऑपरेशन करू. हमी देते का? नाही. हमी ऑपरेशनचीही नाही."

"म्हणजे तुम्ही नको म्हणत नाही. पुढे ढकलताय."

"हो. कदाचित कायमचं."

"आणि तारखा आत्ता देणार?"

"आत्ता देते."

"माझे वडील बघू म्हणायचे," बायको म्हणाली. मराठीतून म्हणाली, मग तिच्या लक्षात आलं आणि तिने इंग्रजीतून सगळं सांगितलं. सांगली, शाळा, परीक्षा, लग्नसराई. डॉक्टर शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"त्यांना कोणी तारीख दिली होती?" तिने विचारलं.

"नाही. एकही नाही."

"तोच फरक आहे."

बायको गप्प बसली. मला ते शांत बसणं माहीत आहे. घर घेताना, गाडी घेताना, मुलीला ओटावाला पाठवताना ती अशीच बसली होती, आणि त्यानंतर तिने कधी शब्द फिरवला नाही. मग ती माझ्याकडे वळली. "ठीक आहे. पण एक तारीख चुकली ना, तर मी स्वतः गाडीत घालून ऑपरेशनला नेईन. विचारणारसुद्धा नाही."

फोनमधून वहिनी म्हणाल्या, "अगं, यांनाही तीच धमकी माझ्याकडून." आणि मग जरा थांबून, "अहो, तुमचा एमआरआय कधी झाला हो? ह्या बाई म्हणतात पहिल्या वर्षाच्या आत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दादा?" मी म्हटलं.

"एकदा बोलावलं होतं," तो म्हणाला. "ऑक्टोबरमध्ये. कामाचं होतं काहीतरी. नंतर करू म्हटलं."

वहिनी त्यानंतर जे काही बोलल्या ते डॉक्टरला कळलं नाही, पण तिने ते आवाजावरून ओळखलं असावं. तिने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. माझ्या सर्जनने सांगितलेला तो माणूस मला आठवला, जो उशिरा आला होता. इकडचा शेतकरी आणि तिकडचा माझा भाऊ यांच्यात तेवढ्यापुरता काही फरक नव्हता. व्यवस्था त्याच्या दाराशी होती, आणि तो गेला नव्हता. मी फोन जवळ ओढला.

"दादा, आज अपॉइंटमेंट घे. आज. मी संध्याकाळी विचारणार."

"तू मला सांगणार?"

"हो. मी सांगणार."

संध्याकाळी त्याने अपॉइंटमेंट घेतली होती. मार्चच्या शेवटच्या गुरुवारी त्याचा एमआरआय झाला. निकाल येईपर्यंतचे दिवस माझ्या स्वतःच्या निकालापेक्षा मला जड गेले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात गेज हातात धरून उभा होतो. "स्वच्छ!" तो म्हणाला. "काही नवीन नाही! कॉफी चालू!" मी इतका मोठ्याने "वा!" म्हणालो की पलीकडच्या मशीनवरचा माणूस धावत आला. त्याला वाटलं, बोट अडकलं.

दरम्यान मी सर्जनकडे जाऊन आलो होतो. टोरांटोचं वेळापत्रक त्याच्यासमोर ठेवलं. रक्त आणि बायॉप्सी तो आमच्या गावात करणार, एमआरआय ओटावाला. त्याने माझ्या हातात हात दिला. "तुमची दहा एप्रिल मी दुसऱ्याला देतो," तो म्हणाला. "एक जण आहे, त्याचं खरंच थांबण्यासारखं नाही." जाताजाता त्याने विचारलं, तुमच्या भावाकडे त्या तारखा सांभाळणाऱ्या नर्सला काय शिकवतात, कळेल का? मी म्हटलं, भाऊ नऊ तारखेला येतोच आहे, त्यालाच विचारा.

कारण दादा आणि वहिनी आलेच. ऑपरेशन रद्द झालं तरी तिकिटं रद्द करणार नाही, असं दादाने आधीच जाहीर केलं होतं. ओटावाच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावरून त्याने एक फुगलेली पिशवी उचलली.

"हे काय?"

"उशी. मधे भोक असलेली. ऑपरेशननंतर बसायला. फेब्रुवारीतच घेऊन ठेवली होती."

"अरे पण आता?"

"सेलवर होती, परत घेत नाहीत. टीव्ही बघताना वापर."

दुसऱ्या दिवशी, दहा एप्रिलला, पहाटे सहाला मला हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं. मी त्याऐवजी आठपर्यंत झोपलो. उठलो तेव्हा चौघांनाही काही सुचेना. सुट्टी मी आधीच घेतलेली होती, दिवस रिकामा होता, बाहेर ऊन आणि बर्फ दोन्ही होतं. बायको म्हणाली, मॅपलच्या रानात जाऊ. हंगामाचे शेवटचे दिवस होते. वीस मिनिटांवर एक शेत आहे, तिथे झाडांतून रस काढतात, लाकडाच्या शेडमध्ये तो मोठ्या कढईत उकळतात आणि लांब बाकांवर बसवून पॅनकेक वाढतात. कढईची वाफ छतापर्यंत भरलेली होती आणि सगळीकडे गुळाच्या गुऱ्हाळासारखा वास होता. दादा म्हणाला, कोक्विटलामला हे नाही. मी म्हटलं, तुमच्याकडे नर्स आहे, आमच्याकडे पाक.

खाताना आम्ही ठरवलं. दोघांनी रक्त एकाच आठवड्यात द्यायचं आणि आकडा एकमेकांना त्याच दिवशी सांगायचा. ताप उतरल्यावर नाही, ताप असतानाच. वहिनींनी दादाकडून ते दोनदा वदवून घेतलं. माझ्या बायकोने पुन्हा एक पॅनकेक मागवला, जानेवारीपासून ती पोटभर जेवताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

मग गल्ल्याशी भांडण झालं.

"मी मोठा," दादा म्हणाला.

"आज ऑपरेशन माझं होतं. मी देणार."

"झालं कुठे? आणि पेशंट मीही आहे. तुझ्या आधीचा."

"पाहुणा पेशंट पैसे देत नाही."

गल्ल्यावर जाड स्वेटरातली एक बाई होती, ती एकदा माझ्याकडे, एकदा दादाकडे बघत होती. आम्ही दोघे पाकिटं काढून उभे, आणि तेवढ्यात आमच्या मधून एक हात पुढे गेला. चार जणांचे पॅनकेक, कॉफी आणि पाकाची एक बाटली मिळून एकसष्ट डॉलर झाले होते. वहिनींनी पासष्ट दिले, रोख, स्वेटरवाल्या बाईंना, आणि उरलेले ठेवा म्हणाल्या.